शोभेची दारू : हौशी माणसाचा छंद

दिवाळीत भुईनळ्याची वात पेटविणारा माणूस चार पावले मागे सरतो आणि वर पाहू लागतो. सोनेरी झाड उभे राहते, काही क्षण डोलते आणि विझून जाते. तो लगेच दुसरा भुईनळा हाती घेतो. त्या मातीच्या कुंडीत काय भरले होते, ते वर का उसळले, फुटले का नाही, आणि शेजारच्या मुलाच्या हातची लवंगी मात्र का फुटली, हे प्रश्न शंभरांत एखाद्यालाच पडतात. ज्याला ते पडतात, त्याच्या मनात पुढचा विचारही आल्यावाचून राहत नाही : हे आपल्याला घरी करता येईल काय?

हा विचार वेडगळ नव्हे. अमेरिकेत हा एक रीतसर छंद आहे. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी गुलाबाची कलमे करतो, तसे तेथील काही लोक फावल्या वेळात कागदाच्या नळ्या वळतात, दारू ठासतात, आणि एखाद्या रात्री मित्रमंडळींना मोकळ्या रानावर बोलावून चारसहा महिन्यांचे काम पंधरा मिनिटांत आकाशात उधळून देतात. आपल्याकडे हाच उद्योग परवान्यावाचून केला तर तो गुन्हा ठरतो. एकाच गोष्टीला एके ठिकाणी छंद म्हणावे आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा, हे असे का? ह्याचे पुरते उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते दारूच्या स्वभावात आहे. तेव्हा आधी तो स्वभाव पाहू आणि मग छंदाकडे वळू.

एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. ह्या लेखात कोणत्याही दारूचे प्रमाण दिलेले नाही, आणि ते मुद्दामच दिलेले नाही. पुस्तकातील कृती वाचून केलेली पहिली भाकरी करपते, दुसरी बरी होते, तिसरी जमते. दारूकामात पहिल्या भाकरीलाच हात जाण्याचा संभव असतो. शिवाय प्रमाण हा ह्या विद्येचा सर्वांत सोपा भाग आहे; अवघड ते पुढेच आहे.

आग आणि तिचा वेग

लाकूड जळते ते भोवतालच्या हवेतील प्राणवायूच्या जोरावर. चुलीत फुंकर घातली की जाळ वाढतो, निखाऱ्यावर झाकण घातले की तो विझतो. दारूचे तसे नाही. जुन्या काळ्या दारूत तीन जिन्नस असतात : सोरा, कोळसा आणि गंधक. कोळसा व गंधक हे जळण. सोरा स्वतः जळत नाही. पण तापला म्हणजे आपल्या पोटातील प्राणवायू बाहेर सोडतो. जळण आणि प्राणवायू एकाच चिमटीत, कणाला कण लागून बसलेले असतात, म्हणून बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. दारू बंद नळीत जळते, वाळूखाली पुरली तरी जळत राहते, आणि एकदा पेटली की झाकून विझविता येत नाही. ही दारू प्रथम चीनमध्ये नवव्या शतकात तयार झाली, आणि इ. स. १०४४ च्या ‘वुजिंग झोंगयाव’ ह्या चिनी युद्धशास्त्रावरील ग्रंथात तिच्या कृती लिहिलेल्या आढळतात.

आता ही दारू किती वेगाने जळेल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, कण किती बारीक आहेत. दुसरी, तिन्ही जिन्नस एकमेकांत किती एकजीव झाले आहेत. आणि तिसरी व सर्वांत महत्त्वाची, तिचा कोंडमारा किती आहे. तिघांपैकी एकात थोडा फरक पडला की तेच वजन, तेच प्रमाण अगदी निराळे वागते. कोळसादेखील सगळा सारखा नसतो. युरोपातील कारागीर विलोच्या हलक्या लाकडाचा कोळसा पसंत करीत, तर जपानी कारागीर पावलोनियाचा आणि तागासारख्या झाडांच्या काड्यांचा. हलक्या, सच्छिद्र लाकडाचा कोळसा चपळ जळतो. जड लाकडाचा मंद. कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी ‘कोळसा’ असेच लिहिलेले असते.

कोंडमाऱ्याचा परिणाम समजला की फटाक्याचे सारे कुळ डोळ्यांपुढे उभे राहते. काळी दारू उघड्यावर भस्सकन जळून जाते, आवाज होत नाही. तीच जाड कागदाच्या नळीत घट्ट ठासली, नळीचे एक तोंड बंद केले आणि दुसऱ्या तोंडाशी अरुंद गळा ठेवला, तर ती थराथराने जळत जाते, आणि तिचा धूर व ठिणग्या त्या गळ्यातून जोराने बाहेर पडतात. हा नळा. तोच नळा उलटा करून काठीला बांधला आणि मोकळा सोडला की धूर खाली जातो आणि नळी वर जाते. हा बाण. असे दोन नळे चाकाच्या धावेवर बसविले की चक्र. आणि गळा पुरता बंद करून वर सुतळीचे वेढे आवळले की धुराला वाट उरत नाही. दाब वाढत जातो, नळी फाटते आणि बार होतो. नळा, बाण, चक्र आणि बार ही चार भावंडे एकाच घरची आहेत. कोणाच्या गळ्याला किती वाट ठेवली, एवढाच काय तो फरक.

ह्यावरून कारागिरी कशात आहे हे ध्यानात येईल. बाणाच्या पोटात मधोमध एक निमुळती पोकळी ठेवतात. आग त्या पोकळीच्या सगळ्या भिंतीला एकदम लागते, जळणारे क्षेत्र वाढते आणि उड्डाणाला जोर मिळतो. पण ठासताना दारूला बारीकशी भेग राहून गेली, किंवा वाळताना पडली, तर आग त्या भेगेत शिरते. जळणारे क्षेत्र एका क्षणात अनेक पट होते, अरुंद गळ्यातून एवढा धूर मावत नाही, आणि ज्याला बाण म्हणून केले त्याचा बार होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. आतली भेग करणाऱ्यालादेखील दिसत नाही. ती पडू न देण्याची सवय हातालाच असावी लागते.

आकाशात फुलणारा गोळा ही ह्याच तत्त्वाची सर्वांत अवघड रचना. जमिनीत भक्कम रोवलेल्या नळकांड्यात तळाशी उडवणीची दारू असते. ती पेटली की गोळा वर फेकला जातो आणि त्याच वेळी त्याच्या अंगची वेळेची वात जळू लागते. गोळा अगदी वर पोहोचून क्षणभर थबकला की वातीची आग आत पोहोचावी, फोडणीची दारू पेटावी आणि भोवती रचलेले दारूचे खडे पेटून सर्व दिशांना सारखे फेकले जावेत, अशी ही योजना आहे. जपानी कारागिरांनी हे खडे वाटोळ्या गोळ्यात इतक्या नेमकेपणाने रचण्याची विद्या वाढविली की आकाशात शेवंतीचे पूर्ण गोल फूल उमलते, आणि ते कोठूनही पाहिले तरी गोलच दिसते. वात एखाद्या सेकंदाने लांबली तर तो गोळा खाली येताना फुटतो. फारच लांबली तर प्रेक्षकांत.

ठिणग्या आणि रंग

दारूकामातील उजेड दोन प्रकारचा असतो, आणि त्यांत गल्लत होता कामा नये. ठिणगी म्हणजे तापून लाल-पिवळा झालेला घन कण. कोळशाच्या कणाची ठिणगी तांबूस सोनेरी व रेंगाळणारी. लोखंडाच्या किसाची ठिणगी फांद्या फुटल्यासारखी, कारण लोखंडातील कार्बन जळताना कण पुन्हा पुन्हा फुटतो. अ‍ॅल्युमिनियमची पांढरी शुभ्र. आपल्या फुलबाजीत तारेवर हेच घडते. रंग ही निराळी गोष्ट आहे. तो घन कणाचा नसून ज्वालेतील वायुरूप पदार्थाचा असतो. स्ट्रॉन्शियमपासून लाल, बेरियमपासून हिरवा, सोडियमपासून पिवळा आणि तांब्यापासून निळा. ह्यांत निळा सर्वांत हट्टी. निळा उजेड देणारे तांब्याचे संयुग फार तापले की मोडून जाते, आणि ज्वाला थंड ठेवावी तर उजेड पडत नाही. चांगला गडद निळा ज्याने साधला तो कारागीर पक्का, असे ह्या विद्येतील लोक अजूनही मानतात.

जुन्या आतषबाजीत हे रंग जवळजवळ नव्हतेच. २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये राजाज्ञेने मोठा दारूकामाचा सोहळा झाला. त्यासाठी हँडेल ह्या संगीतकाराने खास संगीत रचले, लाकडी महाल उभारला गेला, आणि त्या महालाच्या एका बाजूला आग लागली. तो सारा देखावा मुख्यत्वे पांढऱ्या-सोनेरी उजेडाचा होता. काळ्या दारूची ज्वाला रंग फुलविण्याइतकी तापत नाही.

रंग आणले ते पोटॅशियम क्लोरेटने. बर्तोले ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात हा क्षार तयार केला. सोऱ्यापेक्षा तो आपला प्राणवायू फार सहज सोडतो, म्हणून ज्वाला अधिक तापते. त्यापासून तोफेची अधिक जोरकस दारू करावी, अशी कल्पना निघाली. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोन येथील दारूच्या कारखान्यात तिचा प्रयोग झाला. खुद्द बर्तोले, लाव्हाझिए आणि लाव्हाझिएची पत्नी तेथे हजर होती. मंडळी जरा दूर गेली असताना मिश्रणाचा स्फोट झाला आणि कारखान्याचा संचालक व एक तरुणी अशी दोन माणसे मेली. ज्या काळी रसायनशास्त्राची सर्वांत थोर डोकी त्या जागी उभी होती, त्या काळची ही गोष्ट आहे. ज्ञानाचा तुटवडा तेथे खासच नव्हता.

पुढे एकोणिसाव्या शतकात हाच क्षार शोभेच्या दारूत आला, आकाश लाल-हिरवे झाले आणि कारखान्यांतील मृत्यूही वाढले. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की ते मिश्रण जाळाचीही वाट पाहत नाही; घासले गेले, दाबले गेले, धक्का लागला तरी पेटते. इंग्लंडने १८९४ मध्ये हे मिश्रण करण्यास बंदी घातली. भारतातील विस्फोटक नियमांतही फटाक्यांत ही जोडी एकत्र आणण्यास मनाई आहे. पुढे क्लोरेटच्या जागी पुष्कळ ठिकाणी त्याचा शांत भाऊ परक्लोरेट आला. शांत म्हणजे तुलनेने; निरुपद्रवी नव्हे.

हौशी मंडळी

आता छंदाकडे येऊ. घरच्या घरी दारूकाम करण्याची हौस अमेरिकेइतकी नवी नाही. जॉन बेट ह्या इंग्रजाने १६३४ मध्ये निसर्ग व कलेतील गूढांवर एक पुस्तक छापले; त्याचा एक भाग दारूकामाला वाहिलेला आहे. तरुण न्यूटनने ह्या पुस्तकातून टिपणे उतरवून घेतली होती. पतंगाच्या शेपटीला कागदी कंदील बांधून त्याने गावकऱ्यांना रात्री घाबरविल्याची कथा त्याच्या चरित्रकारांनी सांगितली आहे, आणि तिचे मूळ अशा वाचनात असावे हे सहज पटण्यासारखे आहे. १८७८ मध्ये टॉमस केंटिश ह्याने हौशी लोकांसाठी दारूकामाचे पुस्तक काढले. आपल्या काळाला जवळचे उदाहरण म्हणजे रोनाल्ड लँकेस्टर हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक. ते किंबोल्टन येथील शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. त्यांची हौस वाढत वाढत १९६४ मध्ये कारखान्यापर्यंत पोहोचली, आणि त्यांनी इतरांच्या साहाय्याने सिद्ध केलेला दारूकामावरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत १९६९ मध्ये ‘पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनल’ ह्या नावाने हौशी मंडळींची संघटना निघाली. हे लोक संमेलने भरवितात, एकमेकांचे काम परीक्षितात, नव्या माणसाला जुन्याच्या हाताखाली शिकवितात. तेथील केंद्रीय कायदा असा आहे की, विक्रीसाठी नव्हे तर केवळ स्वतःच्या उपयोगासाठी दारूकाम करणाऱ्याला उत्पादनाचा केंद्रीय परवाना लागत नाही. पण तयार माल कोठे व कसा साठवावा ह्याचे नियम त्यालाही बांधतात, तो रस्त्याने नेण्यावर निर्बंध आहेत, आणि राज्याचे व गावाचे कायदे वेगळेच. १९६६ मध्ये ‘चेरी बॉम्ब’ आणि ‘एम-८०’ ह्या नावांचे मोठे बार सामान्य ग्राहकाला विकण्यास तेथे बंदी झाली. आज तेथे सामान्य माणसाला विकावयाच्या जमिनीवरच्या फटाक्यात ५० मिलिग्रॅमहून अधिक बाराची दारू चालत नाही. ५० मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या दोनतीन दाण्यांचे वजन. ज्या देशात हा छंद मोकळा आहे असे आपण समजतो, त्या देशाचे हे माप आहे.

दुसरे माप अंगणाचे. मोठे गोळे उडविताना प्रेक्षक किती दूर हवेत, ह्यासाठी अमेरिकेत रूढ नियम आहे : गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट. तीन इंचांचा गोळा हा ह्या धंद्यातला लहानच समजला जातो. त्याला २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर अंतर चारी बाजूंना मोकळे पाहिजे. हिशेब केला तर तीन एकरांहून थोडी अधिक जमीन होते. आमच्या वाड्यांची अंगणे आणि सोसायट्यांची पटांगणे ह्या मापात कोठेच बसत नाहीत. तेथील हौशी माणसे शेतांवर व रानात जमतात ती ह्याच कारणाने. ‘परसातली आतषबाजी’ हा शब्द तिकडे ज्या परसाकडे पाहून निघाला, ते परस आपल्या गावच्या गायरानाएवढे असते.

घात कोठे होतो

सर्वसाधारण समजूत अशी की दारूकामातील धोका पेटविताना असतो. पेटविणाऱ्याला भाजते, डोळ्याला इजा होते, हे खरेच. दर दिवाळीत रुग्णालये त्याची साक्ष देतात. पण जीव घेणारे मोठे घात बहुधा त्याआधी होतात : मिसळताना, चाळताना, ठासताना, वाळविताना आणि साठविताना. ह्याचे कारण साधे आहे. पेटवावयाच्या वेळी दारू थोडी असते, आपल्या नळीत असते आणि माणूस सावध असतो. करावयाच्या वेळी ती मोकळी असते, रास पडलेली असते आणि माणसाचा हात सवयीने चाललेला असतो.

थंडीच्या कोरड्या रात्री लोकरीचा स्वेटर काढताना तडतड होते आणि अंधारात बारीक ठिणग्या दिसतात. ही स्थिर वीज. बारीक धातूची भुकटी असलेल्या मिश्रणाला एवढी ठिणगी पुरी होते. म्हणून कारखान्यांतून सुती कपड्यांचा आग्रह असतो आणि कामाची हत्यारे लाकडाची किंवा ठिणगी न पाडणाऱ्या धातूची असतात. दुसरे, भांड्याची स्वच्छता. कालच्या भांड्याच्या कडेला चिकटलेला क्लोरेट आणि आजच्या मिश्रणातला गंधक ह्यांची गाठ पडली की काय होते, ते वर आलेच आहे. तिसरे, रास. काही मिश्रणांची चिमूट उघड्यावर नुसती भपकन जळते. ते पाहून माणूस निर्धास्त होतो आणि वाटीभर करतो. पण रास मोठी झाली की तिचा बाहेरचा भाग आतल्या भागाला कोंडतो; नळी नसतानाही नळीचे काम रासच करते आणि जळण्याऐवजी स्फोट होतो. थोड्यावर केलेला प्रयोग पुष्कळाविषयी काहीच सांगत नाही, ही गोष्ट व्यवहारातल्या इतर कोणत्याही शिकवणीच्या उलट आहे, आणि म्हणूनच ती जीव घेते.

आपल्याकडची मुले फुसके निघालेले फटाके उकलून त्यांतली दारू कागदावर गोळा करतात, किंवा आगकाड्यांची गुले खरवडून डबीत भरतात. त्यांना ते काटकसरीचे काम वाटते. आगकाडीच्या गुलात क्लोरेट आणि गंधक सरसात बसवून एकमेकांपासून आवरून धरलेले असतात. खरवडणे म्हणजे ते आवरण मोडणे, आणि तेही घासून. आजच्या बाराच्या फटाक्यात काळी दारू नसून बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचे पांढरट मिश्रण असते. राशीविषयी जे सांगितले ते ह्यालाच सर्वांत अधिक लागू आहे. घरात असा उद्योग दिसला तर मुलाला रागावून भागणार नाही. त्याला कारण सांगितले पाहिजे. ते त्याला समजते.

जाणत्यांच्या हातूनही घात होतात. तामिळनाडूतील शिवकाशी हे देशातील फटाक्यांचे माहेरघर. तेथील परिसरात ५ सप्टेंबर २०१२ रोजी एका कारखान्यात झालेल्या स्फोटात पस्तीसहून अधिक माणसे दगावली. केरळात परवूर येथील पुट्टिंगल देवालयात १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे आतषबाजी चालू असता साठविलेल्या दारूला आग लागली आणि शंभराहून अधिक भाविक मृत्यू पावले. दोन्ही ठिकाणी माणसांना दारूचा परिचय पिढ्यांचा होता. साठा मात्र माणसांच्या जवळ होता.

आपल्याकडची रीत

आपल्या देशात शोभेची दारू परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी १९५३ मध्ये भारतातील आतषबाजीच्या १४०० ते १९०० ह्या काळाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. त्यात त्यांनी ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’ ह्या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींकडे लक्ष वेधले. १४४३ मध्ये विजयनगरास आलेल्या अब्दुर रझ्झाक ह्या इराणी वकिलानेही तेथील उत्सवातली आतषबाजी नोंदविली आहे. पेशव्यांच्या बखरीत कोट्याच्या दिवाळीतील दारूच्या लंकेचे वर्णन महादजी शिंद्यांच्या तोंडी आले आहे. गोव्यात आणि लगतच्या कोकणात जत्रांना व फेस्तांना गरनाळ उडविण्याची चाल आहे : लहानशा लोखंडी नळकांड्यात दारू ठासून बार काढावयाचा.

ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. दारू करणारा कारागीर वेगळा आणि पाहणारा समाज वेगळा. विद्या घराण्यात बापाकडून मुलाकडे जाई. लिहिलेल्या कृती होत्या, पण त्या हाताखाली शिकलेल्या माणसाला आठवण म्हणून होत्या. विद्या नसताना केवळ कागद हाती आला, म्हणजे काय होते ते एसोनने दाखविले.

आजचा कायदाही ह्याच वाटेने जातो. १८८४ च्या विस्फोटक अधिनियमाखाली परवान्यावाचून फटाके तयार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००८ चे नियम परवान्याच्या अटी सांगतात, आणि त्यांचा अंमल पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे. १९९९ पासून चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलांपेक्षा मोठा आवाज करणारे फटाके बनविण्यास व विकण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास बंदी केली, आणि पुढच्याच वर्षी नागपूरच्याच ‘नीरी’ ह्या संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने कमी धुराचे ‘हरित’ फटाके बाजारात आले. धूर कमी म्हणजे धूर नाही असे नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

मग हौशी माणसाने काय करावे?

करावयास पुष्कळ आहे. पहिले म्हणजे मांडणी. परवान्याच्या दुकानातून आणलेला तोच माल एक घर अर्ध्या तासात गोंगाट करून संपविते आणि दुसरे घर त्यातून देखावा उभा करते. आरंभी चंद्रज्योती व भुईनळे, म्हणजे डोळा जमिनीजवळ राहतो, मग चक्रे, आणि आभाळ अगदी शेवटी. दोन वस्तूंमध्ये पुरता अंधार होऊ द्यावा. डोळा अंधाराला सरावल्यावाचून पुढच्या उजेडाची किंमत कळत नाही. बार गाळले तरी काही बिघडत नाही. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि गोठ्यातली जनावरे आशीर्वादच देतील.

प्रेक्षक वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवावेत, म्हणजे धूर आणि जळके कागद पलीकडे जातात. बाण सपाट जागी, वाळूत रोवलेल्या नळीतून सोडावेत, आणि गवताची गंजी, वाळत घातलेले कपडे, वरच्या तारा आधी पाहून ठेवाव्यात. पेटविणारा एकच असावा, त्याचे कपडे सुती व अंगाबरोबर असावेत, आणि त्याने वस्तूवर कधीही वाकू नये. लांब काठीच्या टोकाने वात पेटवावी. जी वस्तू पेटली नाही तिच्याकडे निदान वीस मिनिटे फिरकू नये, आणि मग दुरून पाणी ओतून ती बादलीत बुडवावी. ती पुन्हा पेटविण्याचा मोह सर्वांत वाईट. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी. शाई, टूथपेस्ट, तूप ह्यांपैकी काहीही लावू नये, आणि डॉक्टरकडे जावे.

दुसरे म्हणजे निरीक्षण. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली बर्नरच्या ज्योतीत स्ट्रॉन्शियमचा आणि तांब्याचा क्षार धरून पाहावा. आकाशातले लाल आणि निळे तेच आहे. घरी एखादी निकामी सीडी तिरपी धरून तिच्यात चंद्रज्योतीचे प्रतिबिंब पाहिले तर रंगांचे पट्टे सुटे झालेले दिसतात, आणि साध्या दिव्याच्या प्रतिबिंबापेक्षा ते निराळे का, असा प्रश्न मूल आपण होऊनच विचारते. तिसरे तर फुकटचे आहे. दूर कोठे गोळा फुटलेला दिसला की आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि त्यांना ३४० ने गुणावे. गोळा आपल्यापासून तितके मीटर दूर फुटला. घरातल्या पोरांना गच्चीवर बसवून हा हिशेब करावयास लावावा. दोनचार गोळ्यांनंतर ती आपसांत पैजा लावू लागतात, आणि आगकाडीची पेटी कोणाला आठवत नाही.